मुंबईला पहिल्यांदा एकटी येतेयस ना, मग हे वाच
सकाळी पोचणारी गाडीच घे. रात्री अकराला अनोळखी स्टेशनावर पत्ता शोधत फिरायला नको.

खरा गोंधळ दादरला होतो. तिथे फलाट १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्यचे. अंधेरीला पश्चिम, ठाण्याला मध्य. पुलावर चढण्याआधीच हे डोक्यात पक्कं ठेव. आणि फास्ट की स्लो ते इंडिकेटरवर बघ. मला माटुंग्याला उतरायचं होतं, फास्टने थेट कुर्ल्याला नेऊन सोडलं!

सकाळी आठ ते अकरा मोठी बॅग घेऊन लोकलमध्ये शिरूच नकोस. चहा पीत थांब सरळ. माहीम-सायनच्या पुढे दक्षिणेला रिक्षा नाही, तिथे काळी-पिवळी टॅक्सी, मीटरने. मुक्कामाचा पत्ता कागदावरही लिहून ठेव, फोन ऐनवेळी मान टाकतो.