माझ्याच लेखाचा संदर्भ मी विकिपीडियावर दिला तर चालतं का?

बारवांवरचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींवरचा, तुमचा लेख एका संशोधन नियतकालिकात छापून आलाय आणि तो मराठी विकिपीडियावर स्वतःच संदर्भ म्हणून द्यायचा मोह होतोय, असं तुम्ही लिहिलंय. द्या, पण बेतानं. इंग्रजी विकिपीडियाच्या हितसंबंधांविषयीच्या सूचनांतही याला बंदी नाही. काम विषयाला धरून हवं, अतिरेक नको आणि उल्लेख तृतीयपुरुषी हवा, इतकंच.

अतिरेक म्हणजे काय ते मी स्वतः करून बसलोय. माझा एक लेख दिवाळी अंकात आला, त्या उत्साहात एका रात्रीत आठ पानांवर त्याचा संदर्भ चिकटवला. सकाळी आठही संपादनं उलटवलेली! आधी रागच आला. मग पानांचा इतिहास उघडून माझे बदल ओळीनं वाचले, तेव्हा ओशाळलो. माहिती मी कुठेच घातली नव्हती, फक्त नाव घातलं होतं.

हा मोह भल्याभल्यांना होतो. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी २००५ मध्ये विकिपीडियावरच्या स्वतःच्याच चरित्रात फेरफार केले. लॅरी सँगर यांचा सहसंस्थापक म्हणून असलेला उल्लेख त्यांना खटकत होता. गवगवा झाल्यावर त्यांनी खेद व्यक्त केला.

इंग्रजीत सरळ वाट अशी: लेखाला जोडलेल्या चर्चापानावर सुचवायचं, दुसरा कुणी तपासून घालतो. मराठीत नेमानं संपादन करणारे मोजकेच, त्यामुळे तुमची सूचना महिनोन्‌महिने तशीच पडून राहू शकते. शिवाय एखाद्या आडगावच्या बारवेवर तुमच्याखेरीज कुणी लिहिलेलंच नसेल, तर संकोचानं गप्प बसून वाचकाचं काय भलं होणार? म्हणून मी चर्चापानावर लिहून काही दिवस वाट पाहतो आणि मग स्वतःच बदल करतो. संपादनाच्या सारांशात 'संदर्भ माझ्याच लेखाचा आहे, कृपया तपासावा' असं उघड लिहितो. जिल्हा गॅझेटियरमध्ये किंवा दुसऱ्या अभ्यासकाकडे माझ्याशी न जुळणारं काही असेल, तर तेही त्याच वेळी घालतो. हे सगळ्यात जड जातं.

स्वतःवरचं, आपल्या संस्थेवरचं किंवा काकांच्या चरित्राचं पान मात्र चर्चापानापुरतंच. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं २०१४ पासून वापरअटींनुसार बंधनकारक आहे. आणि दुव्यामुळे आपला ब्लॉग गूगलवर वर चढेल ही आशा सोडा. बाहेरच्या दुव्यांना २००७ पासून 'नोफॉलो', म्हणजे शोधयंत्रांनी हा दुवा मोजू नये अशी खूण, लागलेलं असतं.

बारवेची तुम्ही घेतलेली मापं कुठे छापून आली नसतील तर ती लेखात घालता येणार नाहीत. फोटो मात्र बिनधास्त कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रभांडारावर, चढवा. पायऱ्या आणि देवकोष्ठं (मूर्तींचे कोनाडे) नीट दिसतील असे.