वाचकांचे प्रश्न : नगरसेवक आपला, मग नालीचा पैसा कुठं गेला?

प्रश्न : जय भीम ताई. मी इंदोऱ्यात राहतो. माझा भाचा शिकागोला नोकरीत आहे. त्याच्या ऑफिसातली एक ब्लॅक बाई सुट्टीच्या दिवशी आपल्या वस्तीत घरोघरी जाऊन मतदार नोंदणी करते म्हणे. मी त्याला विचारलं तिथं त्यांच्यासाठी राखीव जागा नाहीत का, तर म्हणे नाही मामा. मग ते लोक निवडून येतात तरी कसे? आणि निवडून आल्यावर वस्तीत फरक पडतो का? काहून विचारून राहिलो तर आमच्या इथं नगरसेवक आमच्याच समाजाचा आहे, दोनदा निवडून आला, पण आमच्या गल्लीतली नाली अजून उघडीच आहे. – एक वाचक, उत्तर नागपूर

उत्तर : जय भीम दादा. तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत, एक खुर्चीचा आणि एक नालीचा, आणि मला वाटतं आपली सगळी गडबड इथंच होते, आपण समजतो की पहिला सुटला की दुसरा आपोआप सुटेल.

आधी खुर्चीचं बघू. भाच्यानं बरोबर सांगितलं, अमेरिकेत राखीव जागा नाहीत. तिथं सगळा खेळ मतदारसंघाच्या रेषेचा. दर 10 वर्षांनी जनगणना झाली की रेषा नव्यानं काढतात, आणि ब्लॅक वस्ती मधोमध कापून तीन मतदारसंघांत वाटून टाकली की तिन्हीकडे त्यांची मतं कमी पडतात, झालं काम. म्हणून तिथले लोक नकाशावर भांडतात. अलाबामा राज्यात चारातला एकाहून जास्त माणूस ब्लॅक, पण संसदेच्या 7 जागांपैकी फक्त एकाच जागेवर त्यांच्या मताला वजन होतं. तिथल्या साध्या मतदारांनी आणि संघटनांनी केस केली, 2023 मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकले, नकाशा बदलला आणि 2024 ला त्या राज्यातून दोन ब्लॅक खासदार गेले.

इथं आपल्या लोकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे उमेदवार राखीव असतो पण मत सगळेच देतात. 1932 च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे आपला माणूस फक्त आपल्याच मतांनी निवडायची सोय, गेला आणि हे आलं, आणि बाबासाहेबांना काळजी हीच होती की असा निवडून आलेला माणूस आपल्या लोकांना उत्तर देईल की ज्यांच्या मतांनी तो आला त्यांना. तिकडं उलटं आहे, उमेदवार कोणीही असो पण रेषा अशी मागतात की वस्तीचं मत मोजल्याशिवाय कोणी निवडूनच येऊ नये.

आणि ही मतं फुकट नाही मिळाली त्यांना. अलाबामातच लाउन्स काउंटी म्हणून जिल्हा आहे, सेल्मा आणि माँटगोमेरीच्या मधात. 80 टक्के लोक ब्लॅक, आणि 1965 उजाडलं तेव्हा मतदार यादीत त्यांचं एकही नाव नव्हतं, एकही नाही. त्याच वर्षी मतदान हक्काचा कायदा आला, लोकांनी नावं नोंदवली तर जमीनमालकांनी बटईच्या शेतावरून घरादारासकट हाकलून दिलं, आणि ती कुटुंबं हायवेच्या बाजूला तंबू टाकून राहिली, लेकराबाळांसकट, ऐन थंडीत. तरी नाव मागं घेतलं नाही. मग त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. बऱ्याच लोकांना वाचता येत नव्हतं म्हणून तिथंही मतपत्रिकेवर आपल्यासारखं निवडणूक चिन्ह लागायचं, त्यांनी घेतला काळा पँथर. 1966 ला सातही उमेदवार पडले. 1970 ला त्यांच्यातलाच जॉन ह्यूलेट त्या काउंटीचा शेरीफ, म्हणजे पोलिसांचा प्रमुख, झाला. तेच चिन्ह 1966 मध्येच कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या ब्लॅक पोरांनी आपल्या ब्लॅक पँथर पक्षासाठी उचललं, आणि तिथून 1972 ला मुंबईत दलित पँथर. आपल्या भिंतींवर जो पँथर रंगवलेला असतो ना दादा, तो मुळात एका गरीब जिल्ह्यातलं निवडणूक चिन्ह आहे, हे मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता शिकागो. तिथं 1983 मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन पहिले ब्लॅक महापौर झाले. त्याआधीच्या वर्षी कार्यकर्त्यांनी सरकारी मदतीच्या ऑफिसांबाहेर, बेकारी भत्त्याच्या लायनीत उभं राहून लोकांची नावं नोंदवली, लाखाच्या वर नवे मतदार झाले. (तुमच्या भाच्याची ती सहकारी आज जे करते त्याची मुळं इथं आहेत.) पण महापौर झाले आणि 50 पैकी 29 नगरसेवक विरोधात एक झाले, नेमणुका अडवल्या, तीन वर्षं हेच चाललं. शेवटी कोर्टानं वॉर्डाचा नकाशा बदलायला लावला, 1986 मध्ये 7 वॉर्डांत पुन्हा निवडणूक झाली तेव्हा कुठं 25-25 झालं. म्हणजे वरची खुर्ची आपली असली तरी खालचे हात कोणाचे यावर काम अडतं.

आता नालीचा प्रश्न, म्हणजे वस्तीच्या वाट्याचा पैसा वस्तीत येतो की नाही हा, जो मला जास्त जवळचा आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत एका सरकारी संस्थेनं 200 च्या वर शहरांचे नकाशे बनवले, चार रंगांत. हिरवा चांगला एरिया, लाल म्हणजे धोका, आणि ब्लॅक लोक राहतात ती वस्ती जवळपास ठरलेली लाल. लाल वस्तीत घरासाठी कर्ज नाही. वस्तीतले लोक बँकेत पैसे जमा करायचे आणि बँक तो पैसा दुसऱ्या एरियात वाटायची. लोकांना कळत होतं पण सिद्ध कसं करणार? शिकागोच्या ऑस्टिन भागात गेल सिंकोटा नावाची एक गोरी गृहिणी होती, सहा पोरांची आई, तिनं ब्लॅक आणि गोऱ्या शेजाऱ्यांना एकत्र धरून एकच मागणी लावून धरली : कोणत्या वस्तीत किती कर्ज दिलं त्याचा हिशोब दाखवा. 1975 ला तसा कायदा झाला, बँकांना सांगावंच लागलं. आकडे हातात असले की बोलणं सोपं होतं, दोन वर्षांत 1977 ला दुसरा कायदा आला की जिथून ठेवी घेता तिथल्या गरीब वस्त्यांच्याही कर्जाची गरज भागवा. भेदभाव त्यानं संपला नाही. पण आधी कागद आणि मग पैसा, हा क्रम बघा.

बोस्टन शहरातल्या डडली स्ट्रीट या गरीब वस्तीचं उदाहरण मला फार आवडतं. रिकामे प्लॉट, बाहेरचे ट्रक येऊन कचरा टाकून जायचे. 1984-85 मध्ये सुधारणा करायला मोठ्या संस्था आल्या, कमिटी ठरवून आल्या, आणि मीटिंगमध्ये लोकांनी उठून विचारलं की तुमच्यातले इथं राहता किती जण? कमिटी बदलावी लागली, रहिवाशांचं बहुमत झालं. आधी कचरा बंद करायला लावला, आणि 1988 मध्ये तर शहरानं त्यांना रिकामी खाजगी जमीन संपादन करायचा अधिकारच दिला. रहिवाशांच्या संघटनेला!

आता तुमची गल्ली. आमच्या वस्तीत काय झालं ते सांगते. विहारात शनिवारी बसणाऱ्या बाया, त्यातल्या एकीनं पोराची अर्धी कोरी राहिलेली वही आणली आणि लिहायला लागली, कचरागाडी कोणत्या तारखेला आली, गडर कधी तुंबली, कोणाला फोन केला, काय उत्तर मिळालं. सहा महिने. मग माहिती अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयाचं तिकीट लावून, तीन वर्षांत आमच्या गल्लीत कोणकोणतं काम मंजूर झालं, वर्क ऑर्डरची तारीख, रक्कम, आणि मोजमाप पुस्तिकेची कॉपी. 30 दिवसांत कागद आला. कागदावर आमची नाली झाकणासकट पूर्ण झालेली होती आणि बिलही निघालं होतं. त्या वहीतल्या बाईनं टेप घेतला आणि त्या पुस्तिकेतले मीटर घेऊन गल्लीत मोजत फिरली. नगरसेवकाला घरी नाही बोलावलं, नालीवरच बोलावलं, वही आणि कागद दोन्ही समोर ठेवले. झाकणं पडायला आणखी चार महिने लागले, पण पडली.

तुम्हीही हेच मागा, आणि दलित वस्ती सुधारच्या निधीतून तुमच्या प्रभागात काय झालं ते वेगळं मागा. अर्ज एकट्याच्या नावानं नका टाकू, पाच-सहा जणांनी वेगवेगळे टाका, म्हणजे कोणा एकावर दबाव येत नाही.

प्रश्न : ताई, मी बीए करते. वक्तृत्व स्पर्धेत ब्लॅक चळवळीवर बोलणार आहे पण मैत्रीण म्हणते त्यांचा आणि आपला काय संबंध, ओढूनताणून जोडू नको. – एक वाचक, जरीपटका

उत्तर : अगं, जात आणि वंश एकच आहेत असं म्हणू नकोस, तिथं मैत्रीण बरोबर आहे. पण संबंध ओढून आणायची गरजच नाही. बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि 1946 मध्ये त्यांनी स्वतः ब्लॅक विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं, की अमेरिकेतले ब्लॅक लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करून राहिले असं ऐकलं, त्याची प्रत मिळेल का, आमचे अस्पृश्यही तसा विचार करत आहेत. त्याच महिन्यात डु बॉइस यांचं उत्तर आलं. भाषण तिथूनच सुरू कर, आणि लाउन्स काउंटीचा तो पँथर वर आहेच, तोही घे.