वासिलोपिता : नाणं कुठे दडवायचं, पहिला तुकडा कोणाचा?

प्रश्न : ग्रीसमधला नववर्षाचा वासिलोपिता हा केक की पाव? दोन्ही वर्णनं वाचली.

दोन्ही बरोबर. (नावातल्या ‘पिता’चा वडिलांशी संबंध नाही. ग्रीकमध्ये पिठाच्या कित्येक भाजीव पदार्थांना ‘पिता’ म्हणतात.) १ जानेवारी हा संत वासिलिओस, म्हणजे बेसिल, यांचा दिवस. त्यांच्या नावाचा हा पदार्थ अथेन्सकडे संत्र्याच्या वासाचा, लोण्याचा केक असतो. इस्तंबूलकडून आलेल्या ग्रीक घरांत तो यीस्टचा गोड पाव होतो आणि त्यात खिओस बेटावरचा मस्तिखा हा डिंक पडतो. उत्तरेत एपिरस, थेसलीकडे चीज किंवा मांस भरलेला खारा प्रकारही करतात. वासिलोपितात एक नाणं दडवतात, आणि केकवर नव्या वर्षाचा आकडा काढतात.

प्रश्न : केक मधोमध फुगून फाटतो, वर वर्षाचा आकडा उमटत नाही. नाणंही तळाला जाऊन बसतं.

आधी प्रमाण पाहा. २६ सेंमीच्या गोल भांड्यासाठी बिनमिठाचं लोणी २२५ ग्रॅम, साखर ३०० ग्रॅम, अंडी ४, मैदा ४०० ग्रॅम, बेकिंग पावडर ३ चमचे, सोडा अर्धा चमचा, दही २०० ग्रॅम, संत्र्याचा रस १०० मिली आणि दोन संत्र्यांच्या सालीचा कीस. साल फक्त नारिंगी भागापर्यंत किसा, पांढरा भाग आला की केक कडवट होतो.

फाटण्याचं कारण बहुधा आच. भट्टी फार तापलेली असली तर वरचा थर आधी आवळतो आणि आतलं मिश्रण नंतर फुगून तो फोडतं. १७० अंशांवर ५० ते ६० मिनिटं लागतात. लोणी-अंडी फ्रिजमधून थेट काढलेली असली तर मिश्रण फाटतं. मैदा घातल्यावर खूप फेटलं तर केक चिवट होतो.

नाणं पिठात टाकूच नका. उकळून, पुसून, फॉइलमध्ये गुंडाळा. गार झालेला केक उलटा करून तळाला सुरीने चीर द्या आणि नाणं आत सरकवा. मधोमध नको, नाहीतर प्रत्येक काप त्याच्यावरूनच जाईल. मध्य आणि कड यांच्या दरम्यान हवं. मग केक पुन्हा सुलट करा. आकड्यासाठी कागद कापून वरून पिठीसाखर चाळा, तीही गार केकवरच. गरमवर ती विरघळते.

प्रश्न : कापताना क्रम काय?

घरातलं कर्तं माणूस सुरीने केकवर क्रूसाची खूण करतं. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, मग मरियेचा (ग्रीक तिला ‘पानाया’ म्हणतात), मग संत वासिलिओसांचा, मग घराचा. त्यानंतर थोरापासून धाकट्यापर्यंत. परगावी असलेल्यांचाही वाटा काढतात. गरिबासाठी एक तुकडा ठेवण्याची रीतही आहे. नाणं ज्याच्या वाट्याला, त्याचं वर्ष भाग्याचं. ते दोन तुकड्यांच्या सीमेवर आलं तर जास्त भाग ज्याच्याकडे त्याचं. हे कापण्याआधी ठरवून टाका, वाद नको.

नाण्यामागे दंतकथा आहे : ४थ्या शतकात केसरियाचे (आताचं तुर्कस्तानातलं कायसेरी) बिशप असलेल्या वासिलिओसांनी लोकांकडून खंडणीसाठी गोळा झालेले दागिने परत करायचे ठरवले. कोणता कोणाचा हे कळेना, म्हणून ते पावांत भरून वाटले. कचेऱ्या-मंडळांत हा केक जानेवारीभर, कधी फेब्रुवारीतही कापतात.

प्रश्न : अंड्याशिवाय जमेल?

जमेल. ग्रीसमध्ये उपवासाचा प्रकार आहेच, त्यात दूध-लोणीही नसतं. तेल २०० मिली, साखर ३०० ग्रॅम, संत्र्याचा रस ४०० मिली, मैदा ५०० ग्रॅम, सोडा १ चमचा, दालचिनी. सोडा रसात घातला की फसफसून वर येतो. भांडं मोठं घ्या आणि लगेच तेल-मैद्यात मिसळून भट्टीत घाला. रेंगाळलात तर केक बसतो.