सावंतवाडी आणि आंबोली: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आंबोलीचे जंगल पाहण्यासाठी पावसाळ्यात जाणार असाल, तर मुक्काम आंबोलीतच करावा आणि सावंतवाडीसाठी वेगळा दिवस राखून ठेवावा. दोन्ही ठिकाणे जेमतेम तीस किलोमीटरवर असली तरी धुक्यात घाटातून रात्री ये-जा करणे शहाणपणाचे नाही. सावंतवाडीत मोती तलावाकाठच्या राजवाड्यात लाखकामाच्या गंजिफा, म्हणजे खेळण्याचे पारंपरिक पत्ते, हाताने रंगवल्या जातात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे 120 गोल पाने असतात, आणि ती हातात घेतल्याखेरीज कुंचल्याच्या रेषेची बारकाई कळत नाही. चितार आळीतली लाकडी फळे व खेळणी घाई न करता पाहावीत.

जंगलात मात्र स्थानिक जाणकाराशिवाय रात्री फिरू नये. पहिल्या पावसानंतर सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, कातळात साचलेल्या उथळ डबक्यांत आंबोली टोड हा बेडूक अंडी घालतो. ती डबकी आपल्याला क्षुल्लक वाटतात, पण बुटाच्या एका पावलाने अख्खी वीण नष्ट होऊ शकते. बेडकांना हात लावू नये, विशेषतः डास पळवणारे मलम चोळलेला हात तर नाहीच, कारण त्यांची त्वचा अशी रसायने सहज शोषून घेते. हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात आढळलेल्या माशाची नवी प्रजाती म्हणून नोंद 2020 मध्ये झाली आणि पुढे त्या परिसराला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तेव्हा तिथे पाण्यात उतरणे कटाक्षाने टाळावे. धबधब्यावर शनिवार-रविवारी उसळणारी गर्दी पाहता, माझ्या मते तो वगळला तरी चालेल. जळवांसाठी लांब मोजे मात्र विसरू नयेत.