कुलंटऐवजी (कापताना सोडतात ते गार करणारं, वंगण देणारं द्रव) थंड हवेवर मशिनिंग जमतं का?

जमतं, पण सगळीकडे नाही. बाजारात ‘कोल्ड एअर गन’ मिळते, तिच्या आत व्होर्टेक्स ट्यूब असते. फ्रान्सच्या जॉर्ज रँक यांनी १९३०च्या दशकात शोधलेली ही नळी. ना मोटर, ना गॅस, ना एकही हलता भाग! कॉम्प्रेसरची हवा आत गरगर फिरते. एका टोकाने गरम, दुसऱ्या टोकाने गार बाहेर पडते. ७ बार दाबाची कोरडी हवा दिली आणि साधारण दोन-तृतीयांश हवा गार टोकाने सोडली, तर ती आत गेलेल्या हवेपेक्षा साधारण ४० अंश सेल्सिअसने गार होते. गरम टोकाला मात्र चुकून हात लावू नका.

ॲक्रिलिक, नायलॉन, टूल ग्राइंडिंग अशा हलक्या कामाला झकास. ॲक्रिलिकचा चुरा वितळून कटरला चिकटत नाही, जॉबही (कापायचा भाग) पुसावा लागत नाही. स्टीलवर खोल ड्रिलिंग असेल तर कुलंटच बरं. हवा वंगण देत नाही.

खरी मेख विजेच्या बिलात. मिनिटाला १५ घनफूट (सीएफएम) हवा खाणारी एक गन म्हणजे कॉम्प्रेसरवर जवळपास ४ एचपीचा भार. आणि हवेतला ओलावा काढणारा ड्रायर आधी बसवा, नाहीतर पावसाळ्यात गार टोकाला बर्फ धरून गन तुंबते.