बँडमध्ये मला रिदम गिटार दिली आहे. लीड मिळवण्यासाठी काय करावं लागेल?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्येच कॉलेजच्या गॅदरिंगला तुमचा पहिला शो आहे, दुसऱ्या मुलाची बोटं जास्त पळतात म्हणून लीड, म्हणजे सोलो वाजवणारी गिटार, त्याच्याकडे गेली आणि ‘उरलेली रिदम’, म्हणजे कॉर्ड आणि ताल धरणारी गिटार, तुमच्या वाट्याला आली. ‘उरलेली’ हा शब्द मला लागला. नऊ वर्षं मी याच शहरात रिदम वाजवली आहे.

गंगापूर रोडला एका लॉन्सवर लग्नातल्या संगीताचा कार्यक्रम होता. जानेवारीची थंडी. आम्ही पाच जण: गायिका, ड्रम, बेस, लीड आणि मी. दहाला स्पीकर बंद झाले, 18,000 रुपयांचं पाकीट हातात आलं आणि पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर आमच्या लीडवाल्याने वाटणी केली. स्वतःला 6,000, बाकी चौघांना 3,000. मी विचारलं तर म्हणाला, “लोक सोलो ऐकायला थांबतात रे. रिदम काय, कोणीही धरेल.” बाकीचे तिघं गप्प. मी गिटार बॅगेत घातली आणि त्यानंतर त्या बँडमध्ये पुन्हा वाजवली नाही.

पुढच्या महिन्यात त्यांना तसंच काम मिळालं. माझ्या जागी एक तयारीचा पोरगा घेतला होता, हात माझ्यापेक्षा नक्कीच साफ. मी ऐकायला गेलो आणि मिक्सरशेजारी उभा राहिलो. पहिल्याच गाण्यात कळलं. दोन्ही गिटार दांड्यावरच्या पाचव्या ते नवव्या फ्रेटच्या (पट्टीच्या) आसपास, दोन्हींवर भरपूर डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज. गायिकेची ओळ संपते न संपते तोच पोरगा तिथे काहीतरी भरायचा, त्याच जागेत लीडवालाही घुसायचा. साउंडवाल्याने वैतागून मिक्सरवर दोन्ही गिटारींचा आवाज खाली ओढला, तेव्हा गायिकेचा आवाज एकटा पडला. सोलो आला तसा पोरगाही वर जाऊन लीडबरोबर हार्मनी वाजवायला लागला आणि खाली फक्त बेस उरला. भरलेल्या घरातून कोणीतरी फरशीच काढून घ्यावी तसं वाटलं. मी फोनवर टॅप करून लय मोजली. मिनिटाला 104 ठोक्यांवर सुरू झालेलं गाणं शेवटच्या अंतऱ्यात 115 वर गेलं होतं. गायिका श्वास घ्यायला जागा शोधत शब्द गिळत होती. आणि ड्रमर सारखा डावीकडे बघत होता, जिथे मी उभा राहायचो. नंतर त्याने स्वतः सांगितलं, “मॉनिटरमध्ये (स्टेजवरच्या आमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) काही ऐकू येत नाही तेव्हा मी तुझा उजवा हात बघून हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) ताल धरायचो.”

त्या उजव्या हाताबद्दलच सांगायचंय. तो थांबता कामा नये. आवाज काढायचा नसेल तेव्हाही हवेत खाली-वर चालूच राहिला पाहिजे, आणि कुठे वाजवायचं, कुठे गप्प बसायचं ते डाव्या हाताने ठरवायचं: बोटं किंचित उचलली की तारेचा सूर दबतो आणि नुसता ‘चक’ येतो. हे ‘चक’ ड्रममधल्या स्नेअरच्या कडक ठोक्यावर नेमके बसवायला मला दोन वर्षं लागली. लोक ज्याला गाणं ‘बसलंय’ म्हणतात ते इथे बसतं. नाशिक ढोल ऐकत मोठे झाला असाल तर वेगळं सांगायला नको. ताशा कितीही कडक वाजू दे, ढोलांचा ठेका हलला की मिरवणुकीतले पाय अडखळतात.

स्टेजवर सहाही तारा बडवू नका. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 82 हर्ट्झची, म्हणजे बेस आणि पायाने वाजवायचा किक ड्रम जिथे वावरतात त्याच्या दारातच. तीन-चार बारीक तारांवर कॉर्ड धरली तरी पुरते. लीडवाला खाली उघडी जी कॉर्ड धरत असेल तर तुम्ही पाचव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून डी कॉर्डचा आकार धरा. सूर तोच, जागा वेगळी, आणि दोघंही ऐकू येतात. घरी गोड वाटणारा गेन (डिस्टॉर्शन वाढवणारी नॉब) स्टेजवर चिखल करतो, अर्ध्यावर आणा. थंडीत गिटार बाहेरून आणली की तारा चढलेल्या असतात, दिव्यांखाली उतरतात, म्हणून स्टेजवर वीसेक मिनिटं ठेवल्यावरच शेवटचं ट्यूनिंग करा.

गिटारवाला फ्रेडी ग्रीन 1937 साली काउंट बेसीच्या अमेरिकन जॅझ ऑर्केस्ट्रात आला आणि 1987 मध्ये जाईपर्यंत जवळजवळ सोलो न घेता फक्त ताल धरत राहिला. पन्नास वर्षं. एसी/डीसी या रॉक बँडमध्ये लीडवाला अंगस यंग सगळं स्टेज पळून काढायचा तेव्हा रिदम वाजवणारा थोरला भाऊ माल्कम मागे ड्रमजवळ उभा असायचा, आणि त्या बँडचा कणा तोच होता. पंचमदांकडे (आर. डी. बर्मन) गिटारवर भानू गुप्ता होते. ‘कोणीही धरेल’ म्हणणाऱ्याने यांच्यातल्या एकाची तरी दोन मिनिटं हुबेहूब धरून दाखवावीत.

आता तुमचा मूळ प्रश्न. लीड हवीच असेल तर वेगाच्या मागे लागू नका. सोलो आधी तोंडाने गुणगुणता आला पाहिजे, आणि प्रत्येक कॉर्ड बदलताना त्या कॉर्डमधला एखादा सूर नेमका पकडता आला पाहिजे. हे रिदम वाजवतानाच शिकता येतं, कारण कॉर्ड कधी बदलते ते तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. त्या मुलाशी भांडून मात्र लीड घेऊ नका. पहिला शो आहे, आहे तशी वाटणी राहू द्या. एकच गिटार असलेल्या बँडमध्ये हा प्रश्नच येत नाही, तिथे दोन्ही कामं एकाच हाताला करावी लागतात.

एक मान्य करतो. आमचा लीडवाला खरंच चांगला होता. चार बारमध्ये तो अख्खं लॉन शांत करायचा, आणि कॅपोची ती युक्ती मला त्यानेच दाखवली होती. त्याच्या सोलोखाली मी जोरात वाजवतो असं त्याने मला दोनदा सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. ती चूक माझी. सोलो सुरू झाला की तुम्ही आवाजाची नॉब थोडी मागे घ्या.

पण वाटणीचं मात्र पहिल्या शोच्या आधीच बोलून घ्या, सगळ्यांसमोर. 18,000 चे पाच वाटे म्हणजे प्रत्येकी 3,600. माझे 600 राहिले ते राहिले, पण गायिकेचे, बेसवाल्याचे आणि रोज दोन जिने चढून ड्रम वर नेणाऱ्या ड्रमरचेही 600 राहिले.