होळीनंतरची फुलं: नागपूर जिल्ह्यासाठी मार्च ते मे कृषी सल्ला

शेतकरी बंधू-भगिनींनो, मार्च लागला की फुलांविषयीच्या प्रश्नांचा सूर एकच असतो: फेब्रुवारीत वावर रंगानं भरलेलं होतं, होळी झाली आणि बहर ओसरला. नेमकी तेव्हाच मागणी चढते. गुढीपाडव्याच्या तोरणांपाठोपाठ रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा, १४ एप्रिलला दीक्षाभूमीवरची गर्दी आणि मग लग्नसराई. सीताबर्डीच्या फूल मार्केटात त्या दिवसांत माल कमी आणि विचारणारे जास्त.

हिवाळी फुलं उन्हाळ्यात ओढत नेण्याचा खटाटोप करू नका, हे माझं पहिलं सांगणं. थंडीत वाढलेलं झाड ४० अंशांत खतानं टिकत नाही, पाण्यानंही टिकत नाही. एकाचा बहर ओसरायच्या आत दुसरं फूल तयार ठेवणं, हाच खरा उपाय. पाणी, सावली, फवारणी या गोष्टी त्याच्या नंतरच्या.

प्रश्न (कळमेश्वर): दिवाळीनंतर लावलेल्या झेंडूचे आतापर्यंत चांगले तोडे मिळाले. आता फूल बारीक पडतं, पानं फिकट आणि तांबूस दिसतात. युरिया द्यावा का?

युरिया देऊ नका. त्यानं हिरवा पाला वाढेल, फूल वाढणार नाही, आणि कोवळ्या पाल्यावर किडीचं फावेल. आधी एक काम करा. सकाळी झाडाच्या मधल्या भागातलं एक पान तोडा आणि पांढऱ्या कागदावर त्याची मागची बाजू झटका. टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके कागदावर पडतील. क्षणभर थांबून पाहा, ते चालायला लागले तर तो लाल कोळी. पानाच्या शिरांजवळ बारीक जाळीही दिसेल. हवा कोरडी झाली की हा वाढतो आणि धुळीच्या रस्त्याकडच्या ओळीत आधी शिरतो, म्हणून पाहणी तिथूनच सुरू करा.

लागण थोडी असेल तर पंपानं पानांच्या मागच्या बाजूवर साध्या पाण्याचा जोरदार फवारा मारा. धूळ निघते, कोळीही धुऊन जातो. त्यानंतर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा: ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून थोडा साबणाचा चुरा घालायचा आणि एकूण १०० लिटर द्रावण करायचं. फवारणी सायंकाळी करा, म्हणजे मधमाश्यांना त्रास होत नाही. विद्राव्य गंधकाचा सल्ला तुम्हाला दुकानात मिळेलच. औषध चुकीचं नाही, पण तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की गंधकानं पानं करपतात आणि आपल्याकडे मार्चच्या मध्यापासून दुपारी तेवढं तापतंच. त्यामुळे आता गंधक नको.

फूल बारीक होण्याचं दुसरं कारण म्हणजे उन्हाचा ताव. ते तुमच्या हातात नाही. हा प्लॉट कोळी आटोक्यात ठेवून जितके तोडे देईल तितके घ्या, पण त्याच्यावर जास्त खर्च करू नका. तो पैसा नव्या लागवडीत घाला.

आता नवी लागवड कोणत्या जातीची, इथे बरेच जण फसतात. पुसा नारंगी गेंदा ही जात उत्तम आहे, पण बियापासून फुलापर्यंत तिला सव्वाशे दिवसांच्या आसपास लागतात. आज बी टाकलं तर फूल जुलैत, भर पावसात. आत्ता घ्यायचा तो ठेंगणा फ्रेंच झेंडू, जो बियापासून दोन ते सव्वादोन महिन्यांत फुलतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वाफ्यावर बी टाकलं तर मेच्या मध्यावर, लग्नाच्या दाट तिथींमध्ये तोडा सुरू होईल. १४ एप्रिल गाठायचा होता तर बी फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच पडायला हवं होतं. पुढच्या वर्षीच्या वहीत ही तारीख लिहून ठेवा. सगळं बी एकदम टाकू नका. पंधरा-वीस दिवसांच्या अंतरानं दोन-तीन वेळा टाका, म्हणजे बाजारात रोज थोडा माल नेता येईल आणि एकाच दिवशी पाटीभर फुलं पडून राहणार नाहीत. रोपांची लागवड सायंकाळीच करा आणि लगेच पाणी द्या. उंच झेंडूचा शेंडा खुडतात तसा या झेंडूचा खुडायची गरज नाही. खुडल्यानं फूल दहा-पंधरा दिवस मागं जातं.

प्रश्न (नागपूर शहर, एका ताईंचा): गच्चीवर पिटुनिया, डायन्थस, फ्लॉक्सच्या कुंड्या आत्ता भरलेल्या आहेत. मेपर्यंत कशा टिकवाव्यात?

ताई, मेपर्यंत त्या टिकणार नाहीत, पण मार्चअखेरपर्यंत नक्की नेता येतील. कुंड्या भिंतीच्या पूर्वेला घ्या, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारचं टळेल. सुकलेलं फूल देठासकट रोज काढा. झाडावर बी धरलं की ते आपलं काम झालं असं समजतं आणि नवी कळी काढत नाही. फुलाच्या नुसत्या पाकळ्या उपटून उपयोग नाही. देठाशी जो हिरवा फुगीर भाग राहतो, त्यातच बी असतं.

तोवर शेजारच्या रिकाम्या कुंड्यांत उन्हाळ्याची तयारी करा. झिनियाचं बी थेट कुंडीत टाका, कारण त्याला जागा बदललेली मानवत नाही. पिवळा-केशरी कॉसमॉसही थेट पेरा. दोन्ही दोनेक महिन्यांत फुलतात. ऑफिस टाइमच्या (कोणी चिनी गुलाब म्हणतात) चार बोटं लांबीच्या फांद्या मातीत खोचल्या की महिन्याच्या आत फूल देतात आणि जितकं ऊन कडक तितका त्यांचा रंग उघडतो. सदाफुलीचं बी हळू चालतं, म्हणून तिची तयार रोपं आणा. बटन फूल आणि गॅलार्डियाही ऊन सोसणारी आहेत. रोपवाटिकेत तयार रोपं मिळाली तर आत्ताच लावा.

आणखी एक, जे फक्त आपल्या गावाला सांगावं लागतं. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं पाणी झाडांना घालू नका. पाण्याची वाफ होते, क्षार मागं राहतात आणि टाकी भरत राहिली की ते वाढत जातात. बोअरचं पाणी असेल तर आणखीच. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात आणि आपण म्हणतो ऊन लागलं.

प्रश्न (हिंगणा): मोगऱ्याला कळ्या भरपूर लागतात, पण जांभळट होऊन गळतात.

उन्हाळ्याचा खरा राजा मोगराच. बाकी सगळं कोमेजत असताना एप्रिल-मेमध्ये तो जोरात असतो. म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.

गळलेल्या आणि झाडावरच्या जांभळट अशा दहा-बारा कळ्या गोळा करा आणि नखानं उभ्या चिरा. कळीला गोल भोक आणि आत काळ्या डोक्याची हिरवट अळी असेल तर ती कळी पोखरणारी अळी. भोक नाही, पण कळीचा तळ सुजलेला आणि आत अगदी बारीक पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसल्या तर ती कळीमाशी. दोन्हींत पहिला उपाय एकच: बाधित कळ्या झाडावरच्या असोत की खाली पडलेल्या, रोज वेचून जाळा किंवा पिशवीत बांधून उन्हात तापवा. बांधावर फेकल्या तर काहीच साधत नाही. कळीमाशीचे कोष मातीत असतात, म्हणून झाडाखालची दोन इंच माती खुरप्यानं हलवून ऊन खाऊ द्या. निंबोळी अर्क फुलं तोडून झाल्यावर फवारा. मजुरी लागते, मान्य आहे, पण नुसत्या औषधावर भागवू पाहणाऱ्याचा पैसा आधी जातो आणि कळ्या नंतर.

छाटणी राहून गेली असेल तर आता मोठी छाटणी नको. ती जानेवारीची गोष्ट. वाळक्या आणि बहर देऊन झालेल्या फांद्यांचे शेंडे तेवढे कापा, कारण मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते. आणि मोगरा हिरव्या नेटखाली नेऊ नका. सावलीत फूट होते, कळ्या कमी लागतात.

पाण्याविषयी सगळ्यांसाठी. आपल्या काळ्या भारी जमिनीत फुलझाडं तहानेनं मरतात तितकीच जास्त पाण्यानंही मरतात. दुपारी दोनला झाड मान टाकतं, ते पाहून पाणी सोडू नका. संध्याकाळी उभं राहिलं तर झाड ठीक आहे. सकाळीही मलूल दिसलं, तर खुरप्यानं दोन-तीन इंच खाली माती पाहा. मुठीत दाबून गोळा होत असेल तर पाणी पुरेसं आहे आणि दुखणं मुळांत आहे. तिथे आणखी पाणी म्हणजे मूळकूज. पाणी पहाटे द्या. ठिबकच्या उघड्या नळ्यांत दुपारी साठलेलं पाणी चटका बसेल इतकं तापतं, ते मुळावर जाऊ देऊ नका.

माती भेगाळली की मुळं तुटतात आणि ओल उडून जाते. हलकी डवरणी करून भेगा बुजवा, मग सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं कुटार (भुसा) दोन-तीन इंच पसरा. कुटार नसेल तर धानाची तणस चालेल. खोडापासून चार बोटं जागा मोकळी ठेवा आणि आठवड्यातून एकदा खाली वाळवी तर नाही ना, ते उचलून पाहा. पश्चिमेकडून येणारी गरम झळ अडवायला तुराट्यांचे किंवा पऱ्हाट्यांचे तट्टे उभे करा. नेटपेक्षा हा खर्च कितीतरी कमी. नेट लावायचंच असेल तर गुलाब आणि रोपवाटिकेवर, ५० टक्के सावली देणारं, सहा-सात फूट उंचीवर आणि बाजू मोकळ्या ठेवून. खाली ताणलेल्या नेटखाली झाडं शिजतात.

गुलाबाचं थोडक्यात: मार्चचा बहर संपला की फुलाखाली एका देठावर पाच छोटी पानं असलेलं पहिलं पान लागेल, तिथपर्यंत फूल कापा, त्याखाली नको. कलमाच्या खालून फुटलेले जंगली फुटवे मुळापासून ओढून काढा. २५ मेच्या सुमारास नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाला की कळ्या लहान असतानाच खुडून टाका. त्या दिवसांत उमललेलं फूल दुपारपर्यंत करपतं आणि झाडाची ताकद फुकट जाते.

शेवंती उन्हाळ्यात का फुलत नाही, असं उमरेडहून विचारलं आहे. तिला लहान दिवस लागतात, मार्चनंतर ते मिळत नाहीत. आता झाडं जमिनीलगत कापा, हलकं पाणी सुरू करा आणि खालून येणाऱ्या काश्या सावलीत जपा. एप्रिल-मेमध्ये त्याच काश्या लागवडीला येतील.